बाहुला, बिऱ्हाड आणि दोन डोळे

काय दोस्तांनो, सुट्टीत घरच्यांबरोबर सिनेमा बघायचाय ना? मग हे तीन मराठी चित्रपट बघाच. तिन्ही जुने आहेत. आमची मतं पटली नाहीत तर खुशाल भांडा!

'झपाटलेला' (१९९३) तुमच्या आईबाबांना विचारा. महेश कोठारे यांच्या या चित्रपटात तात्या विंचू हा गुंड मरता मरता मंत्र म्हणतो आणि त्याचा आत्मा शिरतो एका बोलक्या बाहुल्यात. कल्पना 'चाइल्ड्स प्ले' (१९८८) या अमेरिकन चित्रपटावरून सुचलेली; पण रामदास पाध्ये यांचा बाहुला अस्सल आपल्याकडचा वाटतो. गंमत म्हणजे तो धावतो, ओरडतो तेव्हा हसू येतं. खरी भीती वाटते ती तो गप्प बसतो तेव्हा! २०१३ साली दुसरा भाग थ्रीडीत आला. बाहुला पडद्याबाहेर आला, भीती मात्र आतच राहिली.

'अशी ही बनवाबनवी' (१९८८) इतका का हसवतो? साडी नेसलेला लक्ष्मीकांत बेर्डे आहेच. पण नुसत्या साडीवर दोन तास कोण हसेल? पकडले गेलो तर बिऱ्हाड जाणार, ही त्या चौघांची धास्ती खरी आहे, म्हणून प्रत्येक थाप रंगते. भोळ्या घरमालकीणबाईंना फसवणं मात्र आम्हाला जरा खटकतं. तुम्हाला?

आता 'श्वास' (२००४). कोकणातल्या छोट्या परशाच्या डोळ्यांना कॅन्सर झालाय. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशनआधी मुलाला हे सांगायलाच हवं. आजोबांच्या तोंडून शब्द फुटत नाही. मग एक दिवस ते नातवाला घेऊन चक्क हॉस्पिटलमधून निघून जातात, त्याला डोळे भरून सगळं दाखवायला. दिग्दर्शक संदीप सावंत इथे रडारड करत नाहीत. अरुण नलावडे यांचे आजोबा नुसते बघत राहतात, तरी आपला घसा दाटतो. हॉस्पिटलमधली काही बोलणी मात्र धडा समजावल्यासारखी वाटतात, हेही सांगून टाकतो. 'श्यामची आई'नंतर राष्ट्रीय पुरस्काराचं सुवर्णकमळ मिळवणारा हा पहिलाच मराठी चित्रपट, आणि परशा झालेल्या अश्विन चितळेलाही बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पालकांनो, हा चित्रपट मुलांना एकटं बसवून दाखवू नका. संपल्यावर प्रश्न येणारच: "मला असं झालं, तर तुम्ही खरं सांगाल?"