उड्या मारणारा डीएनए आणि उल्हासनगरचा धडा

फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले; १९४९ साली त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. सिंधी समाजात बीटा थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक तुलनेने जास्त आढळतात आणि त्यांतल्या अनेकांच्या ग्लोबिन जनुकातली ६१९ अक्षरं गळालेली असतात. भारतीय वंशाच्या रुग्णांतले असे दोष अभ्यासणाऱ्या हेग कझाझियन यांनी १९८८ मध्ये हिमोफिलियाच्या दोन रुग्णांत वेगळंच कारण दाखवलं: आईवडिलांच्या त्या जनुकात नसलेला ‘एल-१’ हा फिरता तुकडा मुलाच्या जनुकात घुसला होता. आपल्या डीएनएचा जवळपास निम्मा भाग अशा तुकड्यांपासून बनलेला आहे.

मग हा कचराच नव्हे का? तसं म्हणता येत नाही. वार उभी राहण्यासाठी लागणारं सिन्सिटिन हे प्रथिन अशाच तुकड्यांत मोडणाऱ्या प्राचीन विषाणूच्या जनुकातूनच आलं आहे. उलट, हे तुकडे सतत रोग घडवत असतील, ही भीतीही टिकत नाही. एल-१च्या सुमारे पाच लाख प्रतींपैकी शंभराच्या आसपासच हलू शकतात. बाकीच्या मोडक्या आहेत. नवी उडी आधी ओळखता येत नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या उतरणारा थॅलेसेमिया रक्ततपासणीत कळतो. वाहक स्वतः निरोगी असतो. आईवडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता पंचवीस टक्के. म्हणून उल्हासनगर असो, अंबरनाथ वा बदलापूर, लग्न ठरवताना पत्रिकेआधी रक्तातल्या एचबीए-२ या हिमोग्लोबिनची तपासणी व्हायला हवी. दैवाच्या हाती थोडं आहे. आपल्या हाती असलेलं तरी सोडू नये.