ऑर्नेट कोलमनचा सॅक्सोफोन

अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांत फोर्ट वर्थ येथें १९३० सालीं एका गरीब कृष्णवर्णी कुटुंबांत ऑर्नेट कोलमनचा जन्म झाला. सॅक्सोफोन तो बहुतांशीं स्वतःच शिकला.

जाझमध्यें मूळ चाल वाजवून झाली, कीं तिच्याखालच्या स्वरगुच्छांचा, म्हणजे कॉर्डांचा, ठराविक क्रम धरूनच वादकानें आयत्या वेळीं विस्तार करावा, असा दंडक होता. कोलमननें हें कुंपणच काढून टाकलें. चाल नेईल तिकडे जावें आणि सोबत्यांनीं कान देऊन मागोमाग यावें, असा त्याचा खाक्या. बोलावयास सोपें, करावयास महाकठीण! लॉस एंजेलिसमध्यें तो वाजवूं लागला, कीं इतर वादक उठून जात. पोटासाठीं त्यानें लिफ्ट चालविली. त्याच्या प्लॅस्टिकच्या वाद्याला लोक हंसत. पण धातूचें घेण्यास पैसे नव्हते, एवढेंच त्याचें मूळ कारण.

१९५९ च्या नोव्हेंबरांत न्यू यॉर्कच्या ‘फाइव्ह स्पॉट’मध्यें तो वाजवूं लागला आणि रसिकांत दोन तट पडले. लेनर्ड बर्नस्टाइनसारख्या संगीतकारानें त्याला वाखाणलें. उलट ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसनें त्याच्या मनःस्वास्थ्याविषयींच शंका काढली! पुढील वर्षीं दोन चौकड्या एकत्र बसवून त्यानें सुमारें ३७ मिनिटांचें अखंड वादन मुद्रित केलें. ‘फ्री जाझ’ हें त्या तबकडीचें नांव पुढें साऱ्या पंथालाच पडलें.

२००७ सालीं, वयाच्या ७७ व्या वर्षीं, ‘साउंड ग्रामर’बद्दल त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालें. २०१५ सालीं न्यू यॉर्कमध्यें तो वारला.