बहिणीची सही घेण्यापूर्वी

घरातला कर्ता पुरुष गेला की तेराव्यानंतर जमिनीचा विषय निघतो. लेकीला माहेरी थांबवून घेतात, तालुक्याला नेतात आणि एका कागदावर तिची सही घेतात. त्या कागदाचे नाव हक्कसोडपत्र. बंधू-भगिनींनो, ही सही घेण्यापूर्वी आणि देण्यापूर्वी कायदा नीट समजून घ्या.

हिंदू वारसा कायदा १९५६ साली आला, तरी वडिलोपार्जित जमिनीत जन्माने हक्क मुलांनाच राहिला. महाराष्ट्राने १९९४ साली तो मुलींनाही दिला. मात्र २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ रोजी लागू झाली आणि लग्नाची अट गेली. त्या दिवशी बाप हयात नसला तरी मुलीचा हक्क राहतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेली विक्री किंवा रीतसर वाटणी मात्र मोडत नाही.

हिशेब कसा बसतो?

समजा, वडिलोपार्जित जमीन बारा एकर. बाप मृत्युपत्र न करता वारला. मागे आई, दोन मुलगे, एक मुलगी; आजी हयात नाही. आधी बाप धरून पाच वाटे पडतात. मग बापाचा वाटा उरलेल्या चौघांत सारखा जातो. शेवटी प्रत्येकाला तीन-तीन एकर. मुलगी सासरी नांदते म्हणून तिचा वाटा कमी होत नाही, आणि आईचा वाटाही विसरू नका.

नोंद कुठे पाहावी?

मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसनोंदीची वर्दी द्या. पुष्कळदा भावांची नावे कब्जेदार म्हणून लागतात आणि बहिणींची 'इतर हक्कात' जातात. फेरफार मंजूर होण्यापूर्वी नोटीस निघते, तेव्हाच हरकत घ्या. तरीही एक ध्यानात ठेवा : सातबारा ही महसुलाची नोंद आहे. त्यावर नाव नसले म्हणून हक्क बुडत नाही.

बहिणीने राजीखुशीने हक्क सोडला तर त्यात गैर काही नाही. पण कागद तिला वाचून दाखवा, घरी नेऊन विचार करू द्या. हक्कसोडपत्राची दुय्यम निबंधकांकडे नोंदणी लागते. एकदा ते झाले की फसवणूक कोर्टात सिद्ध करणे फार जिकिरीचे असते.

सगळ्यांची संमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. बांध कोणता, विहिरीची पाळी कोणाची, वाट कुठून, हे आधी घरात बसून ठरवा. त्या बैठकीला बहिणीलाही बोलवा. कोर्टात वीस वर्षे तारखा घालण्यापेक्षा एक दिवस घरातल्या ओसरीवर भांडलेले बरे.