‘पश्चात’ आणि ‘बेवारस’ : कल्याण परिसरातील दोन जाहीर सूचनांचा विचार

कल्याण, डोंबिवली व ठाणे या शहरांविषयीच्या मराठी वृत्तपत्रीय पानांवर दोन प्रकारचा मजकूर वर्षानुवर्षे येत आला आहे. एक निधनवार्ता; दुसरा, रस्त्यावर सोडून दिलेल्या वाहनांच्या जाहीर लिलावाची सूचना. वाङ्मयीन गद्याकडे अभ्यासकांनी जेवढे लक्ष पुरविले त्याच्या शतांशही या मजकुराच्या वाट्यास आलेले नाही. वस्तुतः दोहोंची रचना परस्परपूरक आहे. पहिलीत एक मनुष्य गेल्याचे सांगून त्याच्या मागे कोण कोण आहे याची गणना केली जाते. दुसरीत एक वस्तू मागे राहिल्याचे सांगून तिच्यासाठी कोणीही पुढे आले नाही असे नमूद केले जाते. एकीचा आधारशब्द ‘पश्चात’ हा आहे, दुसरीचा ‘बेवारस’. या दोन शब्दांमधील अंतरात पुष्कळदा एखाद्या कुटुंबाची मालमत्ता हरवते. म्हणून हा विषय केवळ शैलीचा राहत नाही.

निधनवार्तेचा पूर्वावतार छापील नव्हता. आगगाडी १८५३ साली ठाण्यापर्यंत व १८५४ साली कल्याणपर्यंत आली, आणि पुढे कुटुंबे रेल्वेच्या वाटेने पांगली. तशी मृत्यूची बातमी टपालाने धाडण्याची रीत रूढ झाली. अशा पत्राचा एक कोपरा फाडलेला असे, माथ्यावर ‘श्री’ नसे, आणि वाचून झाल्यावर ते घरात ठेवीत नसत. फाटका कोपरा पाहताच वाचणाऱ्याने मनाची तयारी करावी, असा त्या खुणेचा उपयोग. या पत्राला धर्मशास्त्रीय कार्यही होते. दहा दिवसांच्या आत वार्ता कळली तर उरलेल्या दिवसांचे अशौच, त्यानंतर कळली तर तीन रात्रींचे, वर्ष उलटून गेल्यावर कळली तर केवळ स्नान, असा मनुस्मृतीतील निर्णय आहे. म्हणजे मृत्यूच्या तिथीइतकीच वार्ता ‘कळल्याची’ तिथीही परिणामकारक होती. सूचना पोहोचणे ही गोष्ट कर्तव्य उत्पन्न करते, ही कल्पना आधुनिक न्यायालयांनी येथे प्रथम आणलेली नाही.

छापील निधनवार्तेत ही जबाबदारी वृत्तपत्राकडे गेली. ठाण्यास ‘अरुणोदय’ हे पत्र १८६६ पासून निघत होते, त्यामुळे स्थानिक वार्तांना स्थानिक छापखान्याचा आश्रय या भागात लवकर मिळाला. आजच्या निधनवार्तेचा साचा सर्वांच्या परिचयाचा आहे : नाव, वय, ‘अल्पशा आजाराने’ किंवा ‘वृद्धापकाळाने’, ‘राहत्या घरी’, कल्याणसारख्या रेल्वेच्या गावी अनेकदा ‘निवृत्त रेल्वे कर्मचारी’, आणि शेवटी ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, विवाहित मुली, जावई, नातवंडे असा परिवार आहे’. या शेवटच्या वाक्याकडे बारकाईने पाहिले पाहिजे. ते वारसांची यादी वाटते, परंतु कायद्याच्या दृष्टीने तशी नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे पुरुषाच्या पहिल्या वर्गातील वारसांत विधवा, मुलगे, मुली व आई यांचा अंतर्भाव होतो. सून वारस ठरते ती पती आधी मृत झाला असेल तरच. जावई कधीच नाही. निधनवार्तेत मात्र सुनेला मुलीच्या आधी जागा मिळते, आणि मुलीला ‘विवाहित’ हे विशेषण जोडून जणू तिला घराच्या उंबरठ्यापलीकडे उभे केले जाते. जिचा हक्क मुलाच्या बरोबरीचा आहे तिचा उल्लेख असा दुय्यम होतो, आणि जिचा हक्क नाही ती आधी येते. ही यादी कोण एकत्र राहतो, कोण सुतक पाळतो, सांत्वनासाठी कोणाच्या दारी जावयाचे, हे सांगणारी आहे. सामाजिक दस्तऐवज म्हणून ती अमूल्य आहे. वारसाचा पुरावा म्हणून तिच्यावर विसंबणे धोक्याचे.

दात्यासमवेत त्याच्या आप्तांचा निर्देश करण्याची प्रथा या प्रदेशात फार जुनी आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत कल्याणच्या रहिवाशांचे उल्लेख येतात, आणि आप्तांना पुण्याचे वाटेकरी करणे हा तशा लेखांचा एक ठरीव भाग असे. त्या लेखांशी निधनवार्तेचा थेट वंशसंबंध जोडणे अर्थातच धाडसाचे होईल.

आता दुसऱ्या प्रकाराकडे वळावे. ‘लिलाव’ हा शब्द पोर्तुगीज ‘लेइलांव’ यापासून मराठीत आला. ठाणे व वसई १७३७ ते १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होती हे ध्यानी घेतले म्हणजे त्याचे नवल वाटत नाही. त्या पोर्तुगीज शब्दाचे मूळ अरबीत शोधले जाते, व तेथे त्याचा संबंध ‘जाहीर करणे, कळविणे’ या अर्थाशी जोडतात. तसे असल्यास ‘लिलावाची जाहीर सूचना’ ही शब्दयोजना मुळातच द्विरुक्तीची ठरते. ‘बेवारस’ हा मात्र फारसी उपसर्ग व अरबी नाम यांचा समास आहे : ज्यास वारस नाही ते. इंग्रजी कायद्यातील शब्दाचा रोख वस्तू टाकून जाणाऱ्याकडे आहे; मराठी शब्दाचा रोख ती वस्तू घेण्यास न आलेल्याकडे. इंग्रजी शब्दात एक कृती आहे, मराठी शब्दात एक अनुपस्थिती. रस्त्याच्या कडेला धूळ खात पडलेल्या स्कूटरला ‘बेवारस’ म्हणताना मालक मरण पावला आहे व त्याच्या मागे कोणी नाही, असे शब्दशः विधान आपोआप होऊन बसते. मालक जिवंत असो, दंडाची रक्कम गाडीच्या किमतीपेक्षा वाढल्यामुळे त्याने ती सोडलेली असो, किंवा गाडी चोरून आणून चोराने तेथे टाकलेली असो, शब्द एकच.

निर्नायक मालाचा प्रश्न जुन्या धर्मशास्त्रकारांनीही हाताळला होता. मनूने स्वामी न सापडलेले धन राजाने तीन वर्षे सांभाळून ठेवावे असे सांगितले. याज्ञवल्क्याने जकातदारांनी वा रक्षकांनी आणलेल्या हरवलेल्या वस्तूसाठी एका वर्षाची मर्यादा घातली. मागणाऱ्याने वस्तूचे रूप व संख्या बरोबर सांगितली पाहिजे, ही अटही मनूने घातली आहे. सांभाळल्याबद्दल राजाने सहावा, दहावा किंवा बारावा हिस्सा घ्यावा, असेही तो म्हणतो. वाहन ओढून नेण्याचे आजचे शुल्क भरताना नागरिकास हे स्मरण सुखद वाटेलच असे नाही. (याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘मिताक्षरा’ ज्या कल्याणात लिहिली गेली ते चालुक्यांचे, आजच्या कर्नाटकातील कल्याण होय, दोन गावांची गल्लत अधूनमधून होत असते.) मराठी राजवटीच्या दप्तरांत बेवारस मालमत्तेस ‘बैतनमाल’ अशी संज्ञा होती. आज भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २९६ प्रमाणे वारसाभावी उरलेली मालमत्ता सामान्यतः राज्याकडे जाते.

रस्त्यावरील वाहनाला मात्र एवढी मोठी तत्त्वे लावली जात नाहीत. कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ साली स्थापन झाली, ठाण्याची त्याआधी एक वर्ष. या संस्थांना लागू असलेल्या १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमातील कलम २३० रस्त्यावर अडथळा होईल अशी वस्तू ठेवण्यास मनाई करते आणि कलम २३१ ती सूचनेशिवाय हलविण्याचा अधिकार आयुक्तांना देते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ यातील कलम १२७ प्रमाणे सार्वजनिक जागी दहा तास वा अधिक काळ सोडून दिलेले वाहन उचलण्यास गणवेशातील पोलीस अधिकारी अनुमती देऊ शकतो. पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या व मालक न सापडलेल्या मालासाठी दंडाधिकाऱ्याने उद्घोषणा काढून सहा महिन्यांची मुदत द्यावी, अशी तरतूद १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती. १ जुलै २०२४ पासून तिची जागा घेणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कायम आहे. पोलीस ठाण्यांच्या आवारात वाहने गंजत पडू देण्यात काही अर्थ नाही, कोणी मागणी न केल्यास त्यांचा लिलाव करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात २००२ साली सांगितले. त्या निर्णयामागील व्यवहारबुद्धी निर्विवाद आहे.

प्रश्न आहे तो सूचनेच्या भाषेचा. ‘तमाम नागरिकांस याद्वारे कळविण्यात येते की’ अशी तिची सुरुवात होते. पुढे अनुक्रमांक, वाहनाचा प्रकार, नोंदणी क्रमांक, चासी क्रमांक, इंजिन क्रमांक यांचे रकाने; त्यानंतर अनामत रक्कम, हातची किंमत, ‘जेथे आहे, जसे आहे’ ही अट, आणि कोणतीही बोली नाकारण्याचा राखून ठेवलेला अधिकार. क्रियापदे बहुतेक नवीन कर्मणीची : ‘उचलण्यात आली आहेत’, ‘विक्री करण्यात येईल’. कर्ता कोठेही नाही. गंमत अशी की निधनवार्तेतही मृत व्यक्ती वाक्याचा कर्ता नसते. ‘यांचे निधन झाले’ येथे कर्तृपद ‘निधन’ या नामाकडे आहे आणि मनुष्य षष्ठीत गेलेला आहे. तरी फरक उरतो. निधनवार्तेत नाव हे सर्वस्व असते, लिलावाच्या यादीत बहुधा नाव नसते. ‘एमएच ०५’ या अक्षरांवरून वाहनाची नोंद कल्याणच्या परिवहन कार्यालयात झाली एवढे कळते. पतीच्या गाडीचा क्रमांक ज्या स्त्रीला पाठ नाही, तिच्यासाठी ती यादी न छापल्यासारखीच. मजकुराचा खरा वाचक भंगाराचा व्यापारी असतो, व रचना त्याच्या सोयीची आहे. हक्कदाराला उद्देशून असल्याचा तिचा दावा केवळ औपचारिक ठरतो. पूर्वी महसुली विक्रीपूर्वी गावात दवंडी पिटली जाई. तीत निदान नाव मोठ्याने उच्चारले जात असे.

या दोहोंच्या मधोमध एक तिसरी सूचना उभी आहे. लोहमार्गावर मृत्यू पावलेल्या अनोळखी व्यक्तींची ओळख पटविण्यासाठी रेल्वे पोलीस वर्णन प्रसिद्ध करतात : अंदाजे वय, उंची, रंग, बांधा, अंगावरील कपडे, गोंदलेली अक्षरे. येथेही विशेषण ‘बेवारस’ हेच. नाव गेले म्हणजे मनुष्याची सूचना वाहनाच्या सूचनेसारखी रकान्यांत विभागली जाते, आणि गोंदलेले अक्षर चासी क्रमांकाचे काम करू लागते. हे साम्य अप्रिय आहे, पण ते भाषेत आहे. त्यातही एक भेद मात्र जपला गेला आहे : या सूचनेत ‘नातेवाइकांनी संपर्क साधावा’ असे आवाहन असते, म्हणजे नातेवाईक आहेत असे ती गृहीत धरते. शब्द ‘बेवारस’ असला तरी वाक्याचा भाव तसा नाही.

कायद्यात मृत्यू व लिलाव एकाच ठिकाणी भेटतात. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५० च्या दुसऱ्या उपकलमात मालकी बदलण्याचे दोन प्रसंग लागोपाठ दिलेले आहेत : नोंदणीकृत मालकाचा मृत्यू, आणि शासनाने केलेल्या जाहीर लिलावातील खरेदी. १९८९ च्या केंद्रीय नियमांत पहिल्यासाठी नमुना ३१ व दुसऱ्यासाठी नमुना ३२ आहे. वारसाने मृत्यूनंतर तीस दिवसांत परिवहन कार्यालयास कळविले तर तीन महिने वाहन वापरता येते, व त्याच अवधीत हस्तांतरणाचा अर्ज करावा लागतो. कळविण्याचे ओझे सर्वस्वी वारसावर आहे. मृत्यूची नोंद १९६९ च्या अधिनियमान्वये महानगरपालिकेकडेच होते, तीही सामान्यतः एकवीस दिवसांच्या आत. म्हणजे ज्या संस्थेच्या एका विभागात मालकाचे नाव, वय, पत्ता व मृत्युदिनांक लिहिलेला आहे, तिचाच दुसरा विभाग त्याच्या गाडीच्या काचेवर ‘मालकाने हजर व्हावे’ असा कागद चिकटवू शकतो. नोंदणीत नाव तसेच राहिल्याचे परिणाम दूरवर जातात. नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक समजला जाईल, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार खटल्यात २०१८ साली दिला आहे.

सदनिकेच्या बाबतीत याच शहरांत निराळी रीत आढळते. सभासद मरण पावला व त्याने नामनिर्देशन केलेले नसले, तर गृहनिर्माण संस्था वृत्तपत्रांत त्याचे नाव, सदनिकेचा क्रमांक व मृत्युदिनांक देऊन हक्क व हरकती मागविते. डोंबिवलीत अशा नोटिसा नित्य दिसतात. निधनवार्तेतील नाव व लिलावसूचनेतील मुदत या दोन्ही गोष्टी तीत एकत्र येतात, आणि म्हणून ती तिन्हींत सर्वांत उपयुक्त मजकूर ठरते. सदनिकेची किंमत मोठी, गाडीची लहान, हे भेदाचे उघड कारण. पण ज्या घरी सदनिका नाही, भाड्याची खोली आहे, त्या घरी पतीच्या नावावरची रिक्षा किंवा स्कूटर हीच काय ती नोंदलेली मालमत्ता असते, आणि नेमक्या तिच्यासाठी नावानिशी सूचना निघत नाही.

नोंदणी करताना अथवा नंतरही मालकाने आपल्या पश्चात वाहन कोणाकडे जावे हे नोंदवावे, अशी सोय केंद्रीय नियमांत २०२१ साली करण्यात आली. त्याच वर्षी वाहने मोडीत काढण्याच्या नोंदणीकृत केंद्रांविषयीचे नियमही आले, आणि सोडून दिलेली वा लिलावात विकलेली वाहने तेथे मोडण्याचा मार्ग खुला झाला. खाजगी वाहनाची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. लिलावाच्या यादीत येणारी वाहने स्वभावतःच जुनी असल्यामुळे त्यांच्या नोंदणीपुस्तकांत नामनिर्देशनाचा रकाना आढळण्याचा संभव अद्याप थोडाच आहे.