आकडा आणि निकाल

स्तनात गाठ निघाली, डॉक्टरांनी तपासून ती साधी असल्याचे सांगितले, आणि तरीही कोणी सुचविले म्हणून रक्त तपासून घेतले. कागदावर 'सीए १५-३' या नावापुढे ३४ हा आकडा येतो. शेजारी मर्यादा ३० छापलेली असते. तेथून पुढे त्या घराची झोप उडते. अशा वेळी काय समजावे आणि काय करावे, एवढाच प्रश्न आम्ही येथे घेत आहोत.

सीए १५-३ हे रक्तात सापडणारे एक प्रथिन होय. स्तनाच्या कर्करोगात त्याचे प्रमाण वाढू शकते, हे खरे. परंतु साध्या गाठी, यकृताचे विकार, गर्भारपण यांतही ते वाढू शकते. उलट, कर्करोग प्रारंभीच्या अवस्थेत असता हा आकडा बहुधा मर्यादेतच राहतो. म्हणून गाठ कसली आहे हे ठरविण्यासाठी ही चाचणी नव्हेच. पसरलेल्या रोगावर उपचार चालू असता त्यांचा परिणाम पाहण्यासाठी, इतर तपासण्यांच्या जोडीने, तिचा उपयोग करतात.

आपण परभणीकर पैसेवारी जाणतो. आधी नजर पैसेवारी जाहीर होते. अंतिम पैसेवारी शेतातले पीक कापून, मोजून झाल्यावरच ठरते. रक्तातील आकडा हा नजर अंदाजाहूनही कच्चा. गाठीचा निकाल तीन गोष्टींनी लागतो: डॉक्टरांच्या हाताची तपासणी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि शंका उरल्यास सुईने घेतलेल्या तुकड्याची तपासणी. हे तिन्ही जुळले, तर एकट्या आकड्यासाठी जीव टांगणीला लावण्याचे कारण नाही.

मात्र याची दुसरी बाजू अधिक धोक्याची आहे. आकडा मर्यादेत आला म्हणून गाठच विसरून जाणाऱ्या भगिनी आहेत. त्यांना आमचे आग्रहाचे सांगणे, की चांगल्या आकड्याने गाठ निर्दोष ठरत नाही. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली सुरू केलेल्या अभ्यासात ३५ ते ६४ वर्षांच्या दीड लाखांवर स्त्रिया होत्या. त्यांपैकी निम्म्यांची स्तनतपासणी शिकविलेल्या सेविकांनी ठराविक काळाने केवळ हाताने केली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तपासलेल्या स्त्रियांत रोग लवकरच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. हे काम रक्ताच्या आकड्याने नव्हे, हाताने केले.

तेव्हा कागद हाती आल्यावर डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत. ही चाचणी कशासाठी केली? गाठीचा तुकडा तपासण्याची गरज आहे काय? पुन्हा कधी दाखवावयाचे? चाचणी पुन्हा करावयाची झाल्यास त्याच प्रयोगशाळेत करावी. पद्धती निराळ्या असल्याने एकीचा आकडा दुसरीशी ताडता येत नाही. पुढच्या तपासणीसाठी बाहेर जावे लागले, तर शासकीय कर्करोग रुग्णालय छत्रपती संभाजीनगरला आहे, आणि तेथे थेट रेल्वे जाते. गाठ मोठी झाली, कातडी आत ओढली गेली, बोंडातून रक्त आले, तर ठरल्या तारखेची वाट पाहू नये.

घरच्या मंडळींना एकच विनंती. तो कागद घेऊन बाईला एकटीला बसू देऊ नका. दवाखान्यात कोणीतरी सोबत जावे आणि डॉक्टरांचे उत्तर तेथेच लिहून घ्यावे. भीतीने निम्मे ऐकू येत नाही. लिहिलेले मात्र घरी आल्यावर पुन्हा वाचता येते.