नागपूरच्या दिवाणाचा काशीतला वाडा

काशीच्या दशाश्वमेध घाटावरून नाव अस्सीच्या दिशेने निघाली आणि अहिल्याबाई घाट मागे पडला, की उजव्या हाताला एक दगडी भिंत उभी राहते. खाली बुरूज, मध्ये नुसताच दगड आणि पार वर गेल्यावर सज्जे, खिडक्या, खांबांची रांग. नावाडी सांगतो, हा दरभंगा महाल, आता इथे हॉटेल आहे, फार महाग आहे. पांढुर्णा-सौसरकडून निघालेली आपली मंडळी “असं का” म्हणून मान डोलावतात आणि नजर पुन्हा आरतीच्या जागेकडे वळवतात. हा वाडा दरभंग्याच्या राजाने बांधलेला नाही, नागपूरकर भोसल्यांच्या मंत्र्याने बांधला आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही. आणि तो बांधला तेव्हा पांढुर्णा आणि सौसर ही दोन्ही गावे त्याच भोसल्यांच्या राज्यात होती.

हॉटेलचे नाव ब्रिजरामा पॅलेस. घाट दोन, एकमेकांना चिकटलेले: मुन्शी घाट आणि दरभंगा घाट. पहिले नाव श्रीधर नारायण मुन्शी या नागपूरच्या मंत्र्याचे. वाड्याचे साल १८१२ सांगितले जाते. मरे यांच्या जुन्या इंग्रजी प्रवास-मार्गदर्शिकेत मुन्शी घाट हा बनारसचा सर्वांत देखणा घाट, आणि तो नागपूरच्या राजाचा दिवाण श्रीधर याने बांधला, अशी नोंद आहे. आमच्याकडच्या इतिहासाच्या पुस्तकांत मात्र हा दिवाण शोधूनही सापडत नाही.

१८१२ हे साल नीट पाहण्यासारखे आहे. नागपूरच्या गादीवर दुसरे रघुजी भोसले होते. १८०३ मध्ये अडगावला त्यांचा पराभव झाला, गाविलगड पडला आणि देवगावच्या तहात कटक गेले, वर्धा नदीपलीकडचे वऱ्हाड गेले. उत्पन्न आटले, पण खर्चाची सवय आटली नाही. उरलेल्या मुलखातून इतकी वसुली सुरू झाली की लोक रघुजींना ‘बडा बनिया’ म्हणू लागले, असे इंग्रजी गॅझेटियर सांगते. वरून पेंढारी. १८११ मध्ये ते थेट नागपूरच्या वेशीपर्यंत आले आणि बाहेरच्या वस्त्या जाळून गेले. नागपूर राज्यातल्या गावोगावच्या बहुतेक गढ्या याच धामधुमीत उभ्या राहिल्या. पेंढारी आले की बायकापोरे, गुरे आणि दाणागोटा आत घ्यायचा आणि दरवाजा लावायचा, एवढेच त्यांचे काम.

म्हणजे आमचा कुणबी मातीच्या भिंती रचत होता, त्याच सुमाराला राज्याचा मंत्री काशीत गंगेच्या पात्रातून दगडी वाडा उचलत होता. हे कडू वाटेल, पण त्या काळच्या व्यवहाराला धरून होते. काशी १७७५ पासूनच इंग्रजांच्या ताब्यात होती, तिथे पेंढारी पोचत नव्हते. तिथे घातलेला पैसा सुरक्षित राही, आणि उतारवयात काशीवास घडला तर परलोकाचीही सोय होई. पुढे पेशव्यांच्या घरचे अमृतराव आणि चिमाजी आप्पाही काशीतच राहिले.  राज्य गमावलेल्या, गमावत असलेल्या किंवा गमावणार हे ओळखलेल्या मराठी घराण्यांचे हे हक्काचे गाव होते. पेशव्यांनी दशाश्वमेध घाट बांधला, अहिल्याबाईंनी विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभे केले, बायजाबाई शिंद्यांनी ज्ञानवापीच्या विहिरीभोवती मंडप बांधला, खुद्द नागपूरकरांनी मणिकर्णिकेच्या पलीकडे भोसले घाट आणि लक्ष्मीनारायणाचे देऊळ बांधले. या यादीत मुन्शी हा एकटाच राज्यकर्ता नसलेला माणूस, आणि त्याचाच घाट देखणा ठरला.

देखणेपणाचे कारण नदीत आहे. हिवाळ्यात शांत दिसणारी ही गंगा पावसाळ्यात दहा मीटरहून अधिक चढते. वाराणसीची धोक्याची पातळी ७१.२६ मीटर, आणि १९७८ च्या महापुरात पाणी ७३.९० मीटरवर गेले होते. म्हणून काठावरच्या वाड्याला खालचे दोन-तीन मजले राहण्यासाठी नसतातच. तेवढी उंची नुसत्या जोत्यात जाते. गोल, कोनदार बुरूज पुढे काढलेले असतात ते शोभेसाठी नव्हे. सपाट भिंतीवर प्रवाहाची धडक सरळ बसते, बुरुजावर ती फुटून बाजूला जाते. दगड चुनारचा. चुनार काशीच्या वरच्या अंगाला, त्याच गंगेच्या काठी. खाणीतला दगड नावेत चढवायचा आणि प्रवाहाबरोबर खाली आणायचा. बैलगाडीने एवढा दगड आणायचा असता तर बडा बनियाचाही खजिना पुरला नसता. खाली आंधळी भिंत आणि वर मोकळे सज्जे ही रचना नदीने ठरवून दिली, कारागिरांनी ती फक्त सुंदर केली.

या वाड्याची पुढची शंभर वर्षे मी झटकन ओलांडतो. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. १८६० च्या दशकात नागपूरच्या महाल भागातला भोसल्यांचा मूळ राजवाडा, काळ्या दगडाचा आणि कोरीव लाकडाचा, आगीत गेला आणि नगारखान्याचा दरवाजा तेवढा उरला. धन्याचे घर जळाले, चाकराचे परमुलखात उभे राहिले. भोसल्यांचा तो मूळ राजवाडा आज नागपुरात पाहायला मिळत नाही, त्यांच्या मंत्र्याचा वाडा मात्र काशीत मिळतो.

१९१५ मध्ये दरभंग्याचे महाराज रामेश्वर सिंह यांनी हा वाडा घेतला. मैथिल ब्राह्मण, शाक्त उपासक, अफाट जमीनदारी. मदनमोहन मालवीयांच्या हिंदू विद्यापीठामागे उभ्या राहिलेल्या धनिकांत ते अग्रभागी होते, आणि फेब्रुवारी १९१६ मध्ये त्या विद्यापीठाची पायाभरणी झाली. त्यांना काशीत बैठक हवीच होती. त्यांनी वाडा वाढवला, शेजारच्या घाटाला दरभंग्याचे नाव मिळाले, आणि घाटापासून वर जाण्यासाठी राणीसाहेबांकरिता हाताने ओढायची लिफ्ट आली. देशातल्या अगदी सुरुवातीच्या लिफ्टांपैकी ही एक, असे हॉटेल अभिमानाने सांगते. अभिमान रास्त आहे. त्या पायऱ्या चढून पाहिलेल्याला राणीसाहेबांची अडचण लगेच कळेल.

स्वातंत्र्यानंतर जमीनदारी गेली. १९६२ मध्ये शेवटचे महाराज कामेश्वर सिंह वारले आणि एवढ्या मोठ्या घराचा पोशिंदा राहिला नाही. अशा घराचे पुढे काय होते ते आपल्याला पाठ आहे. ज्यांच्या गल्लीत एखाद्या पाटलाचा, देशमुखाचा वाडा आहे त्यांना मी काय सांगू? आधी माडी बंद होते. मग पावसाळ्यात मागची भिंत बसते. मग सागवानी खांब आणि कोरलेली चौकट नागपूरचा जुन्या सामानाचा व्यापारी मोजून घेऊन जातो. शेवटी भावाभावांत हिस्से पडून मोकळ्या जागेवर दुकानांचे गाळे उभे राहतात. १९९४ मध्ये क्लार्क्स या हॉटेल व्यावसायिकांनी दरभंगा महाल घेतला म्हणून त्याची ही गत टळली.

तरी तो लगेच हॉटेल झाला नाही. डागडुजीला दीड तपाच्या आसपास गेले. काशीच्या गल्ल्यांतून मालमोटार येत नाही, घाटाकडून सामान आणावे तर पावसाळ्यात घाटच पाण्याखाली. त्यात गंगेच्या काठापासून २०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला बंदी. जे आहे ते सांभाळायचे, वाढवायचे नाही. जुन्या दगडी घरात हॉटेल करणे म्हणजे मुख्यतः पाण्याचा आणि मैल्याचा प्रश्न. अशा घरात प्रत्येक खोलीला न्हाणी द्यायची, नळ भिंतीत लपवायचे, आणि ती ओल चुन्याच्या दर्जांत उतरू द्यायची नाही. अशा भिंतीला सिमेंट चालत नाही. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते, सिमेंट ती आत कोंडून ठेवते, मग दगडाचे पापुद्रे निघतात. जुने गवंडी चुन्यात सुरखी, बेलफळाचा गर, गूळ, उडदाचे पाणी घालत ते उगीच नव्हे. आमच्याकडेही गढीच्या दरवाजाला सिमेंटचा गिलावा मारून ‘जीर्णोद्धार’ केल्याची पाटी लावतात. त्या मंडळींना एकदा या घाटावर उभे करायला हवे.

आज तिथे बत्तीस खोल्या आहेत. पाहुणे बहुधा नावेने येतात, कारण मोटार दारापर्यंत जातच नाही. जेवण शाकाहारी, दारू नाही. पंचतारांकित दरात मद्य न विकणारे हॉटेल चालवणे हा धंद्याच्या हिशेबात तोटाच, पण विश्वनाथाच्या एवढ्या जवळ दुसरे काही शोभले नसते. संध्याकाळी सतार किंवा कथ्थक, आणि शेजारच्या दशाश्वमेधची आरती. खोलीतून थेट नदी, आणि काशीचे घाट पूर्वाभिमुख असल्याने पहाटेचा सूर्य समोरच्या वाळवंटावरून सरळ खिडकीत.

आता पैशाचे. एका रात्रीचे भाडे ऋतूप्रमाणे बदलते, पण पांढुर्ण्याच्या संत्रा बागायतदाराला मृग बहर चांगला साधला तरी दोनदा विचार करायला लावेल एवढे ते असते. आमच्याकडची काशीयात्रा अशी नव्हतीच. इटारसी-जबलपूर मार्गे रेल्वेने जायचे, वंशपरंपरेच्या गुरुजींच्या घरी उतरायचे, त्यांच्या वहीत आजोबांचे नाव शोधायचे, पिंडदान करून गडूत गंगा भरून आणायची आणि गावात मावंदे घालायचे. मावंद्याला जेवढे लोक जेवत तेवढ्यांच्या जेवणाच्या खर्चात आज या हॉटेलात दोन-तीन रात्री निघतील. म्हणून हे हॉटेल कोणासाठी, हा प्रश्न विचारला जातो आणि तो गैर नाही.

माझे मत हॉटेलच्या बाजूने आहे, एका तक्रारीसह. जुने घर टिकायचे तर त्याने स्वतःचा खर्च स्वतः काढला पाहिजे. महेश्वरला अहिल्याबाईंच्या वाड्यात रिचर्ड होळकरांनी २००० साली हॉटेल सुरू केले. पणजीच्या फोंताइन्यासमध्ये एकोणिसाव्या शतकातली गल्लीतली घरे पाहुण्यांसाठी उघडली गेली. ॲमस्टरडॅमच्या पुलित्झर हॉटेलने तर कालव्याकाठची सतराव्या-अठराव्या शतकातली पंचवीस घरे आतून जोडून घेतली आहेत, व्यापाऱ्यांचीच घरे ती. सगळीकडे गणित एकच: सरकार एवढी घरे सांभाळू शकत नाही, वारसांना परवडत नाही, तेव्हा परक्याचा पैसा आत यावा लागतो. धर्मशाळेच्या दराने चुनारचा दगड दुरुस्त होत नाही.

तक्रार इतकीच की हॉटेल पैसा घेते तसा इतिहासही पुरता सांगावा. इथली सगळी झळाळी राजाची: महाल दरभंग्याचा, लिफ्ट राणीची, भोजनगृहालाही नाव दरभंग्याचे. मुन्शींना उल्लेखापुरती जागा आहे, पण त्यांनी खर्चलेला पैसा कुठल्या मुलखातून आला, याचा विषय निघत नाही. दोष सगळा हॉटेलचा नाही. १९५६ मध्ये विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, पांढुर्णा-सौसर ज्यात होते तो छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि आमची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. भोसल्यांचा इतिहास नागपूरकरांनी आपल्यापुरता लिहिला, भोपाळला त्याच्याशी कर्तव्य नव्हते. मधल्या मध्ये आम्ही राहिलो. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौसर मिळून वेगळा जिल्हा झाला आहे. नव्या जिल्ह्याचे गॅझेटियर कधी लिहिले गेलेच, तर त्यात गोटमार, संत्री आणि जामसावळीच्या हनुमानाबरोबर या दिवाणाचे चार ओळींचे टिपण यावे, अशी मागणी आत्ताच नोंदवून ठेवतो.

जाणार असाल तर कार्तिक ते फाल्गुन जा. श्रावण-भाद्रपदात पूर आला की प्रशासन नावा बंद करते आणि घाट एकमेकांपासून तुटतात. खोली परवडत नसेल तर भोजनगृहात जागा मिळते का ते आधी फोन करून विचारा. तेही नको असेल तर दशाश्वमेधवरून पाण्याच्या कडेने दक्षिणेकडे चाला. शीतला घाट, अहिल्याबाई घाट आणि लगेच मुन्शी घाट, पाच मिनिटांची वाट आहे. पायऱ्यांना तिकीट नाही.