‘गेट’ म्हणजे नुसतं ‘मिळणं’ नव्हे

बेळगावहून निपाणीला पोचलो की कंडक्टर ओरडतो, ‘इळीरी, उतरा!’ इंग्रजीत आपण पटकन ‘गेट डाऊन’ म्हणतो. पण बसमधून उतरणं म्हणजे ‘गेट ऑफ’, आणि कारमधून ‘गेट आउट ऑफ’. शेजारचा छोटा शब्द अर्थ फिरवतो. याला फ्रेजल व्हर्ब म्हणतात. ‘गेट अप’ म्हणजे उठणं, ‘गेट बाय’ म्हणजे कसंबसं भागवणं, ‘गेट अलाँग’ म्हणजे पटणं. घाबरू नका. आपल्याकडे भूक लागते, ऊन लागतं, नोकरीही लागतेच की!

आजी गेली तेव्हा मैत्रिणीनं लिहिलं, ‘यू विल गेट ओव्हर इट.’ मला वाटलं, ‘विसर’ म्हणतेय, रागच आला. अर्थ होता, ‘सावरशील’. म्हणून सुटे अर्थ पाठ करू नका, अख्खं वाक्य वहीत लिहा.